परदेशातील कंत्राट आणि येथील आयकर

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत हात बसलेला तंत्रज्ञ कुवेतमध्ये स्वतंत्र कंत्राट घेतो, तेव्हा घरच्यांची समजूत एकच असते : पैसा बाहेरचा, त्यावर इथे कर कसला? आयकर कायदा मात्र आधी मुक्कामाचे दिवस मोजतो. कामासाठी देश सोडलेल्या आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य 182 दिवसांहून कमी भरले, तर तो अनिवासी ठरतो. 20 सप्टेंबरला निघून मार्चअखेर न परतलेल्याचे 173 दिवस होतात. 5 ऑक्टोबरला निघणाऱ्याचे 188 भरतात, आणि त्याची परदेशातील कमाईही येथे करपात्र होते. पंधरा दिवसांचा हा फरक! तेथे भरलेल्या कराची वजावट मिळते खरी. पण कुवेतमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर करच नाही, मग वजावट कशाची?

अनिवासी ठरूनही एक चूक महागात पडते. मोबदला थेट गावच्या बँकखात्यात जमा करविला, तर ते उत्पन्न भारतात मिळाले असे धरले जाते. आधी परदेशातील खात्यात घेऊन मागाहून घरी पाठविलेल्या रकमेचे तसे नाही. प्रवासाचे कागद भरून घेण्यास लोक शिक्षकांकडे, ग्रामपंचायतीत येतात; तिकिटाची तारीख आणि खाते यांची चौकशी तेव्हाच व्हावी. नोकरदाराचा कर मालक कापून घेतो. कंत्राटदाराला असा मालक नसतो. निवासी ठरल्यास अग्रिम कराचा पहिला हप्ता सामान्यतः 15 जूनपर्यंत त्यानेच भरावयाचा असतो.