वहीत नाव नसलेली माणसं



आपण पाटीवर आपलं नाव लिहायला शिकलो. किती आनंद झाला! आज आम्ही अशा माणसांची हकिगत सांगणार आहोत, की ज्यांचं नाव कोणत्याच देशाच्या वहीत नाही.

ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, रोहिंग्या लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मासेमारी करीत. १९८२ साली तिथं कायदा झाला. त्या कायद्यानं त्यांना नागरिक मानलं नाही. २०१७ साली सैन्यानं त्यांची गावं जाळली. सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली. बांबूच्या आणि ताडपत्रीच्या खोपटांत राहू लागली.

मग २०२० साली कोरोनाची साथ आली. सांगणारे सांगत, "दूर दूर राहा. हात धुवा." पण एका खोपटात सारं घर! पाण्याला रांग! दूर राहावं तरी कुठं?

काही जण बोटीनं मलेशियाला निघाले होते. त्यांना किनाऱ्याला लागू दिलं नाही. दोन महिने बोट समुद्रात भटकली. अन्नपाण्यावाचून कित्येक दगावले. अखेर एप्रिल २०२० मध्ये बांगलादेशानं उरलेल्या सुमारे चारशे जणांना उतरवून घेतलं.

तुम्ही म्हणाल, हे दूरचं झालं. पण त्याच साली आपल्याकडे काय घडलं? कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. मजूर पायीच घरी निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते तर याच देशाचे होते! आपल्या भोर तालुक्यातल्या कातकरी बांधवांचं पाहा. त्यांच्यातल्याही कित्येकांपाशी कागद नसतात.

रोग काही कागद विचारून येत नाही. मग औषधानं तरी का विचारावा? मे २०२१ मध्ये आपल्या सरकारनं ओळखपत्र नसलेल्यांनाही लस देण्याची रीत ठरवली. ऑगस्ट २०२१ पासून बांगलादेशातल्या त्या छावण्यांतही लस मिळू लागली. हे शहाणपण झालं.

आता आपण काय करायचं? मूल जन्मलं, की २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करा. वाडीवरच्या ज्या माणसापाशी कागद नाही, त्याचा अर्ज लिहून द्या. आता आपल्याला लिहिता येतं ना?

आणि पुन्हा साथ आलीच, तर तोंडाला फडकं बांधा, चार हात दूर उभे राहा. पण वेशीवर आलेल्याला आधी पाणी द्या. गाव कोणतं, ते मग विचारा.