समुद्राची सपाटी कोण ठरवितो?



शेंद्र्यासारख्या गावी बंदराच्या धक्क्यावर व्याख्यान ठेवलेले पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. आपल्या भागातले पाणी गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते, आणि पश्चिमेचा समुद्र आपल्याला ठाऊक तो सहलीपुरता. तथापि दर पावसाळ्यात आपण सर्वजण एकच चौकशी करीत असतो: नाथसागर किती भरला? जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, हा आकडा इकडच्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतो. पण हे १५२२ फूट मोजावयाचे कोठून? धरणाची भिंत काही तेवढी उंच नाही. ते मोजलेले आहेत समुद्रसपाटीपासून. छत्रपती संभाजीनगरची उंची सुमारे ५६८ मीटर सांगतात, तीही तेथूनच. मग पुढचा प्रश्न असा की, ज्या समुद्राचे पाणी घटकाभरही एका जागी स्थिर राहत नाही, त्याला सपाटी आली कोठून?

याचे उत्तर मुंबईच्या पालवा बंदरावर, म्हणजेच अपोलो बंदरावर सापडते. तेथील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. यंत्राची मूळ रचना पाहिली तर आपल्या आडाचीच आठवण व्हावी. धक्क्यालगत पाण्यात एक उभी विहीर बांधावयाची आणि तिच्या तळाशी बारीकसे भोक ठेवावयाचे. बाहेर लाटा कितीही आपटोत, त्या भोकातून पाणी सावकाश आत येते व सावकाश बाहेर जाते. आत एक तरंगता गोळा, त्याला साखळी, आणि वर घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद व लेखणी. पाणी चढले की रेघ चढते, उतरले की उतरते. मनुष्याचे काम एवढेच की, कागद वेळेवर बदलावा, घड्याळ बरोबर ठेवावे आणि विहिरीत गाळ साचू देऊ नये.

काम अगदीच नीरस, पण त्यातून काय निघाले ते पाहा. मुंबईस सुमारे साडेबारा तासांनी भरती पुन्हा येते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग. चंद्राच्या कक्षेचा एक फेर तर साडेअठरा वर्षांहून थोडा अधिक काळ चालतो. म्हणून खरी सरासरी काढावयाची तर एकोणीस वर्षांच्या नोंदी हव्यात. सर्वेक्षण खात्याचे कॅप्टन बेअर्ड यांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अशी ठाणी उभी केली. त्यांतल्या आकड्यांवरून भरतीचे भाकीत करण्यासाठी १८७९ साली इंग्लंडात एक खास यंत्रही तयार झाले. पुढे कराची, मुंबई, कारवार, मद्रास इत्यादी नऊ ठिकाणच्या सरासरीवरून १९०९ साली साऱ्या देशाचे उंचीचे जाळे बांधले गेले. आपल्या पाटबंधाऱ्याची, रुळाची व रस्त्याची उंची शेवटी त्या धक्क्यांवरच्या विहिरींशी जोडलेली आहे.

ही नोंद कोणत्या उपयोगी पडेल, हे ती सुरू करणाऱ्यांना सर्वस्वी ठाऊक होते असे नाही. ऑगस्ट १८८३ मध्ये जावाजवळचा क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या लाटेची थरथर हजारो मैलांवर आपल्या किनाऱ्यावरील कागदांवर उमटली. बंदरखात्याच्या सोयीसाठी मांडलेले यंत्र पृथ्वीच्या उलथापालथीचे साक्षीदार झाले.

आज त्याच वहीला याहून मोठा प्रश्न विचारला जात आहे. समुद्र खरोखर चढतो आहे काय? गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तेथील उन्नीकृष्णन व शंकर या संशोधकांनी २००७ साली उत्तर हिंदी महासागरातील जुन्या भरतीमापकांचे आकडे तपासून दाखविले की, पाणी वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर चढत आले आहे. १९९३ पासूनच्या उपग्रहांच्या मोजणीत जगाचा सरासरी वेग तीन मिलिमीटरांहून अधिक दिसतो. रोज काही मीटर वरखाली होणाऱ्या पाण्यात वर्षाचा एक मिलिमीटर शोधावयाचा! तो दहा वर्षांच्या वहीत हाती लागणे कठीण, शंभर वर्षांच्या वहीत लागतो. आणि तो क्षुल्लकही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीच्या वेळी शहराचे पाणी समुद्रात उतरेना. ज्या शहराची गटारे समुद्राच्या कृपेवर वाहतात, तेथे बोटभर चढही महागात पडतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्रिप्स संस्थेचा धक्का आहे. तेथे १९१६ पासून रोज समुद्राचे पाणी काढून त्याची उष्णता व खारटपणा लिहून ठेवतात. महायुद्धे झाली, लाकडी धक्का जाऊन १९८८ साली काँक्रीटचा आला, पण वही चालूच राहिली. म्हणूनच २०१८ च्या ऑगस्टात तेथील पाणी शंभर वर्षांत कधी नव्हते इतके तापले, हे छातीठोकपणे सांगता आले.

कोणी म्हणेल, गरीब देशाने असल्या वह्यांवर पैसा का घालवावा? आमचे उत्तर असे की, धक्का पडला तर पुन्हा बांधता येतो, यंत्र मोडले तर नवे आणता येते; पण काल न मोजलेले पाणी आज कोणत्याही किमतीस मोजता येत नाही. अशा कामात खंड पडला तर कोणी ओरडत नाही, आणि म्हणूनच त्याची काळजी जाणत्या लोकांनी घ्यावयाची असते.

हे मुंबईपुरते नाही. १९७२ च्या दुष्काळात कोणत्या आडाला पाणी राहिले होते, असे विचारले तर चार वडीलधारी चार उत्तरे देतील. स्मरणशक्ती आपल्या सोयीने बदलते, वहीतला आकडा बदलत नाही. शेंद्र्याच्या शिवारात कारखाने वाढले, विंधनविहिरी वाढल्या. जमिनीखालचे पाणी किती उतरले यावर वाद घालण्यापेक्षा गावाने निवडक विहिरींना दोर लावून दर अमावास्येला पातळी लिहावयास काय हरकत आहे? त्याला लागते एक दोर, एक वही आणि न कंटाळणारा एक मनुष्य. दोर व वही बाजारात मिळतात. मनुष्य मात्र या सभेतूनच निघाला पाहिजे.