शाळेंतला संशोधन-निबंध

माध्यमिक शाळेंतल्या विद्यार्थ्याला 'प्रकल्प' लिहावयास सांगितला, कीं पुष्कळ घरांत एकच धांदल उडते. विषय वडील सुचवितात, मजकूर संगणकावरून उतरला जातो, चित्रें आई चिकटविते आणि सुबक वेष्टणांतली ती वही शाळेंत रवाना होते. आतां तर प्रश्न विचारतांच सबंध निबंध लिहून देणारीं साधनेंही घरोघर आलीं आहेत. गुण मिळतात, परंतु ज्यासाठीं हा खटाटोप, तें मात्र साधत नाहीं. अमुक गोष्ट आपणांस कशावरून कळली, हें स्वतःला विचारण्याची संवय लागावी, हाच संशोधन-निबंधाचा मुख्य हेतु होय.

समजा, पुण्यांतल्या नववींतील एका मुलीनें पानशेतच्या पुराचा विषय घेतला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें मातीचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही फोडलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. एवढें ठाऊक असलें म्हणजे लिहावयास बसतां येतें, असें तिला वाटेल. परंतु हा झाला विषय. प्रश्न अजून हातीं आलेला नाहीं. धरण कां फुटलें, हा स्थापत्यशास्त्रज्ञांचा प्रांत. त्याची सरकारी चौकशीही झालेली आहे. तिच्या आवाक्यांतला प्रश्न असा : नारायण पेठेंतल्या एका आळींतून पुरामुळें कोणतीं कुटुंबें उठलीं, त्यांतलीं कोणतीं परत आलीं, आणि उरलेलीं कोठें स्थिरावलीं? पूरग्रस्तांसाठीं पुढें गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती वसल्या. शोधाचा धागा तेथवर नेतां येतो.

प्रश्न ठरल्यावर वेळेची वांटणी करावी. सहा आठवडे मिळाले असतील, तर पहिला प्रश्न निश्चित करण्यांत, पुढचे दोन साधनें जमविण्यांत, चौथा आराखड्यांत आणि पांचवा लेखनांत खर्ची घालावा. सहावा केवळ तपासणीसाठीं राखून ठेवावा. घाईंत हाच आठवडा पहिल्यानें बुडतो.

साधनें दोन प्रकारचीं असतात. त्या दिवसांतलीं वर्तमानपत्रें, कुटुंबांतलीं पत्रें, छायाचित्रें आणि पूर पाहिलेल्यांच्या तोंडची हकीकत हीं मूळ साधनें. मागाहून लिहिलेलीं पुस्तकें व लेख हीं दुय्यम. दुय्यम साधनें आधीं वाचावींत, म्हणजे काय विचारावयाचें तें कळतें. मात्र विचारण्यांत दिरंगाई नसावी. त्या वर्षीं दहा वर्षांचीं असलेलीं मुलें आज पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. ग्रंथालयांतलें वर्तमानपत्र पुढच्या वर्षींही मिळेल. शेजारच्या आजींची आठवण मिळेलच असें नाहीं. त्यांच्याकडे जातांना 'घाबरलांत का?' असें विचारण्यापेक्षां 'त्या दिवशीं काय काय झालें?' असें विचारावें, आणि त्यांची संमति घेऊन तारखेसह टिपून ठेवावें.

टिपणासाठीं सुटे कागद बरे. एका कागदावर एकच गोष्ट, आणि खालीं ती कोठें मिळाली तें ठिकाण व तारीख, आणि पुस्तक असल्यास पृष्ठ. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हांत. स्वतःचा विचार निराळ्या शाईनें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो मूळ पत्रें छापूनच. आधीं कागद, मग मत, हा क्रम शाळेंतल्या निबंधालाही लागू आहे. लेखन करून देणारें यंत्र कधीं कधीं अस्तित्वांत नसलेल्या ग्रंथाचेंही नांव बिनदिक्कत देतें. म्हणून जें पान स्वतः पाहिलें नाहीं, त्याचा आधार दाखवूं नये.

साधनें जमलीं, कीं तीं एकमेकांशीं भांडूं लागतात. एक आजी पाणी माडीला लागल्याचें सांगतील, तर पलीकडचे आजोबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीशीं थांबल्याचें. येथें एकाला खोटें ठरवूं नये. दोन्ही म्हणणीं मांडावींत आणि आळीचा उतार पाहून यावा. कदाचित् दोघांचेंही खरें असेल. निबंधाचा कस लागतो तो येथेंच.

नंतर आपलें उत्तर एका वाक्यांत लिहून पाहावें. तें जमेना, तर आणखी वाचावयास हवें. जमलें, तर त्या वाक्याला पोषक मुद्दे क्रमानें लावावेत. प्रत्येक परिच्छेदांत एक विधान, त्याचा पुरावा आणि त्यावरून निघणारा अर्थ, एवढें असलें म्हणजे पुरे. प्रस्तावना सर्वांत शेवटीं लिहावी. कोठें पोंचलों हें कळल्यावरच वाचकाला वाट दाखवितां येते. जें सांपडलें नाहीं तेंही नमूद करावें. तीस बिऱ्हाडांपैकीं अकरांचाच ठावठिकाणा लागला असेल, तर तसें लिहिण्यांत कमीपणा नाहीं. उरलेल्या एकोणिसांविषयीं तर्कानें लिहिणें हा मात्र दोष होय.

आईवडिलांनीं यांत एकच काम करावें. लेखणी हातीं न घेतां, मुलीनें वाचून दाखविलेल्या प्रत्येक वाक्यानंतर 'कशावरून?' एवढें विचारावें. ज्या वाक्याला उत्तर नसेल, तें ती आपण होऊनच खोडील. अशा खोडाखोडींतून उरलेलीं सहा-सात पानें दिसावयास साधीं असतील. पण त्यांतल्या प्रत्येक विधानामागें कोणी साक्षीदार उभा असेल, आणि आळींतल्या ज्या माणसांची हकीकत अद्याप कोणी विचारली नव्हती, ती एका शाळकरी मुलीच्या अक्षरांत टिकून राहील.