जखमी ससा आणि मागे राहिलेला जोडीदार

(पशुपालनविषयक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाय, म्हैस, कोंबडी यांच्याविषयी अशा मेळाव्यांतून पुष्कळदा बोलले जाते. आज मी सशाविषयी बोलणार आहे, आणि तेही त्याच्या पैदाशीविषयी नव्हे. घराच्या पडवीत किंवा शाळेच्या आवारात मुलांनी जीव लावून पाळलेला ससा गंभीर जखमी झाला तर काय करावे, आणि तो दगावला तर पिंजऱ्यात उरलेल्या दुसऱ्याचे काय करावे, एवढाच माझा विषय आहे. तो कोणास क्षुल्लक वाटेल; परंतु ज्या घरात मूल पिंजऱ्यापाशी रडत बसलेले असते, त्या घराला तो क्षुल्लक नसतो.

प्रथम एक खुलासा. हा पाळीव ससा आपल्या रानातला नव्हे. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीत बिळे करून समूहाने राहणारे. आपल्या माळरानावरचा ससा बहुधा एकटा असतो, बिळे करीत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला संरक्षण आहे. त्याचे पिल्लू शेतात आढळले तर तेथेच असू द्यावे. समूहात राहण्याचा पाळीव सशाचा हा स्वभाव मात्र ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सशाच्या मागच्या पायांत विलक्षण जोर असतो आणि हाडे फार हलकी असतात. मांजराच्या एकूण वजनात सांगाड्याचा वाटा १२-१३ टक्के असतो. सशाच्या बाबतीत तो ८ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे घाबरलेला ससा हातातून सुटण्यासाठी झटका देतो, तेव्हा त्याच्याच स्नायूंच्या जोराने त्याच्या कमरेचा मणका मोडू शकतो. कान धरून उचलणे हा तर निव्वळ क्रूरपणा होय. एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घेऊन, त्याला आपल्या अंगाशी धरावे. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच त्याला घ्यावे, हे शिक्षकांनी वर्गात प्रत्यक्ष दाखवावे.

सत्तरी तालुक्यातील एका कुटुंबात पांढरू आणि काळू अशी सशांची जोडी होती. एका सायंकाळी मोकाट कुत्रा अंगणात शिरला. पांढरूच्या अंगावर दातांच्या दोनच बारीक खुणा होत्या, म्हणून घरच्यांना वाटले, थोडक्यात निभावले. परंतु तो मागचे पाय ओढीत होता. त्या घरच्या आजींनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. त्याला उचलून न घेता त्यांनी पाटावर जुना पंचा अंथरला, त्यावर त्याला अलगद सरकवून घेतले आणि तशाच अवस्थेत दवाखान्यात पाठविले. मणक्याची शंका असेल तेव्हा हीच रीत योग्य. कुत्र्या-मांजराच्या चाव्यात वरची जखम लहान दिसते, आतले मांस मात्र पार फाटलेले असते.

ससा वेदना लपवितो. तो ओरडत नाही. अंग आखडून कोपऱ्यात बसतो, दात करकरा वाजवितो आणि खाणे सोडतो. ही शेवटची खूण सर्वांत घातक आहे. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. १०-१२ तास पोटात काही गेले नाही व लेंड्या पडल्या नाहीत, तर केवळ तेवढ्यानेच तो दगावू शकतो. सबब ‘उद्या सकाळी पाहू’ हे येथे चालत नाही. तसेच कपाटात उरलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिन वा अँपिसिलिनच्या गोळ्या त्यास कदापि देऊ नयेत. माणसाला चालणारे हे औषध सशाच्या पोटातील उपयुक्त जंतू मारून त्याचाच जीव घेते.

पांढरूच्या मागच्या पायांची बोटे चिमट्याने दाबली असता त्याला काहीच कळत नव्हते. जाणीव शिल्लक असती, तर विश्रांती व वेदनाशामक औषध देऊन काही दिवस वाट पाहण्यात अर्थ होता. सूज ओसरून पाय परत आलेले ससे असतात. जाणीवच गेली की आशा फार थोडी. मूत्र कोंडते, अंग ओले राहते, आणि आपल्या दमट हवेत अशा ओल्या कातडीवर माशांनी अंडी घातली की दिवसभरात किडे पडतात. अशा वेळी वेदनारहित मरण देणे हा दुष्टपणा नव्हे. तो निर्णय वैद्याच्या सल्ल्याने, परंतु घरच्यांनीच घ्यावयाचा असतो. त्या कुटुंबाने तो दुसऱ्या दिवशी घेतला.

मुलांना काय सांगावे? खरे ते सांगावे. ‘तो झोपला’ असे सांगितले तर लहान मूल स्वतः झोपायला भिऊ लागते. ‘पळून गेला’ म्हटले तर ते महिनाभर कुंपणापाशी शोधीत राहते.

आता काळूविषयी. ससा शोक करतो की नाही, या वादात मी पडणार नाही. जोडीदार गेल्यावर पुष्कळ ससे खाणे टाकतात, त्याच्या जागी जाऊन हुंगत राहतात किंवा सुन्न बसून राहतात, एवढे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. मृत्यू संसर्गाने झाला नसेल, तर मृत शरीर काही तास जोडीदारापाशी ठेवावे, असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो. तो हुंगतो, चाटतो, कधी शेजारी पडून राहतो, आणि मग बाजूला होतो. शोधाशोध त्यामुळे कमी होते. पांढरूला घरी आणून तसेच केले. नंतर त्याला विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा तीन फूट खोल खड्ड्यात पुरले.

पुढचे काही दिवस काळूचा पिंजरा हलविला नाही, जुने गवत एकदम काढले नाही, खाण्याच्या वेळा त्याच ठेवल्या. घरातील मुलीकडे लेंड्या मोजण्याचे काम दिले. तिने ते वहीत लिहून ठेवले, आणि मला वाटते त्या कामाने तिलाही आधार मिळाला. लेंड्या बारीक व थोड्या पडू लागल्या, तेव्हा त्याला लगेच दवाखान्यात आणले. औषध आणि नळीने भरविलेली गवताची पेज यांवर तो सावरला. तिसऱ्या दिवशी त्याने कोथिंबिरीची काडी आपण होऊन घेतली.

दुसरा ससा लगोलग आणून त्याच पिंजऱ्यात सोडू नये. सशाला आपल्या जागेचा मोठा अभिमान. नवख्याला तो रक्तबंबाळ करील. प्रथम शेजारी-शेजारी पण जाळीआड ठेवावे, मग दोघांनाही अनोळखी अशा जागेत, समोर बसून, रोज थोडा वेळ सोडावे. नर-मादी ठेवावयाची असतील तर नराची शस्त्रक्रिया आधी करून घ्यावी, आणि त्यानंतरही निदान सहा आठवडे दोघांना वेगळे ठेवावे, कारण तेवढ्या काळात गर्भ राहू शकतो आणि महिन्याभरात पिंजरा पिल्लांनी भरतो.