घड्याळ लावून येणारी डोकेदुखी



आजचा विषय डोकेदुखीचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? डोकं तर प्रत्येकीचं दुखतं. उन्हात खुरपण केलं की दुखतं, उपास धरला की दुखतं, सकाळचा चहा चुकला की दुखतं, आणि महिन्याच्या बैठकीत हिशोब जुळला नाही की हमखास दुखतं. त्या डोकेदुखीबद्दल मी बोलत नाही. ती जेवण, झोप, पाणी मिळालं की जाते. मी बोलतेय ती वेगळीच आहे. ती हजारात साधारण एकाला होते. म्हणजे चार-पाच हजार वस्तीच्या गावात चार-पाच माणसं तिच्यातून गेलेली असतात, आणि बहुतेकांना तिचं नावही कुणी सांगितलेलं नसतं.

नाव आहे क्लस्टर हेडेक. क्लस्टर म्हणजे घोस, घड. द्राक्षाचे मणी कसे एकाला एक लागून येतात, तसे या दुखण्याचे झटके लागोपाठ येतात आणि मग कित्येक महिने वेल रिकामा. झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो. कुणाला दिवसाआड एक येतो, कुणाला एका दिवसात ८ सुद्धा. असं सहा ते बारा आठवडे चालतं, मग आपोआप थांबतं आणि पुढच्या वर्षी, पुष्कळदा त्याच ऋतूत, परत येतं. थोड्या जणांना मात्र वर्षभर खंड पडत नाही. या झटक्यांच्या दिवसांना आपण आज हंगाम म्हणू, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

ओळखायचं कसं? दुखतं एकाच बाजूला, डोळ्यात, डोळ्याच्या मागे आणि कानशिलात. डोळ्यात तापलेली सळई घातल्यासारखं, असं सांगतात. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गळतं, पापणी जरा खाली येते, नाकपुडी चोंदते नाहीतर वाहते. दुसरी बाजू अगदी ठीक. आणि वेळ ठरलेली. पुष्कळांना रात्री झोप लागून तास-दीड तास झाला की झटका उठवतो, रोज तेवढ्याच वाजता. आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे, झोपेचं आणि जागेपणाचं घड्याळ तो सांभाळतो. झटक्याच्या वेळी हा भाग कामाला लागलेला असतो, हे मेंदूच्या तपासण्यांमध्ये दिसलेलं आहे. म्हणून हे दुखणं घड्याळ लावल्यासारखं येतं.

अर्धशिशी आणि हे एक नव्हे. अर्धशिशीवाली बाई दार लावून, अंधार करून निपचित पडते, कुणी भांडं आपटलं तरी तिला सहन होत नाही. क्लस्टरवाल्या माणसाला पडवतच नाही. तो उठतो, येरझारा घालतो, डोकं धरून पुढेमागे झुलतो, कधी भिंतीवर डोकं आपटतो. हा फरक नीट ध्यानात ठेवा, कारण इथेच सगळा घोटाळा होतो.

आमच्या एका गटातल्या आक्कांची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच सांगतेय. वय ३८. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस आले की रात्री एकच्या सुमाराला त्या उठायच्या आणि अंगणात फिरायच्या. केस सुटलेले, एक डोळा लाल, तोंडाने कण्हणं. शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं, बाईला बाहेरचं लागलंय. सासूबाईंनी उतारा टाकला, देवऋषी झाला. मग कुणी म्हणालं दाढेचं असेल, तर वरच्या दोन चांगल्या दाढा काढून आल्या. नंतर सायनस म्हणून औषधं झाली, चष्मा झाला. बिब्ब्याचा डाग अजून कपाळावर आहे.

आता गंमत बघा, अर्थात ही गंमत करण्यासारखी गोष्ट नाही. यातल्या प्रत्येक उपायाने त्यांना बरं वाटलं! उतारा टाकला, तासाभरात दुखणं गेलं. दाढ काढली, आठ-दहा दिवसांत दुखणं बंद. जाणारच. झटका तासाभरात आपोआप उतरतो आणि हंगाम दोन-तीन महिन्यांत आपोआप संपतो. शेवटी जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. आपण नेहमी घेतो त्या दुखण्याच्या गोळीचंही तेच. ती पोटात विरघळून लागू पडेपर्यंत झटका निम्मा होऊन गेलेला असतो. माणसाला वाटतं एका गोळीने भागलं नाही, दोन घेऊ. रोज अशा गोळ्या खाऊन पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात, आणि गोळ्यांमुळेच वेगळी डोकेदुखी मागे लागते ती निराळीच.

हा आजार बायकांपेक्षा पुरुषांना जास्त होतो. म्हणून बाईला झाला तर तो लवकर कुणाच्या डोक्यात येत नाही, अर्धशिशी म्हणून सोडून देतात. आणि पुरुषाला झाला तर दारूवर ढकलतात. दारूचं खरं असं आहे की हंगामात घोटभर जरी घेतली तरी तासाभरात झटका उठू शकतो, त्यामुळे त्या दिवसांत ती पूर्ण बंद हवी. पण दारू हे या आजाराचं मूळ नाही. आयुष्यात दारूला न शिवलेल्यांनाही तो होतो. तेव्हा आधीच बेजार झालेल्या माणसाला टोमणे मारून काही साधत नाही. हंगामात दुपारच्या डुलकीनेही काहींना झटका येतो, तेही बघा.

आता उपायाकडे येऊ. झटका मोडायला दोन गोष्टी खऱ्या कामाच्या आहेत. पहिली, ऑक्सिजन. हो, कोरोनात ज्याच्यासाठी आपण रांगा लावल्या तोच. लंडनच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिनिटाला १२ लिटर या वेगाने १५ मिनिटं ऑक्सिजन दिला, तर १०० पैकी ७८ झटक्यांमध्ये दुखणं गेलं किंवा पुरेसं उतरलं. नुसती हवा दिली तेव्हा २० मध्येच. या उपायाने पोट जळत नाही, झोप येत नाही, सवयही लागत नाही.

पण द्यायची पद्धत चुकली की फुकट जातं. नाकात घालायच्या बारीक नळीने मिनिटाला दोन-चार लिटर सोडून भागत नाही. तोंडानाकावर घट्ट बसणारा, खाली पिशवी असलेला मास्क लागतो, वेग १२ ते १५ लिटर, आणि झटका सुरू होताच लावायचा. माणसाने बसून, जरा पुढे वाकून सावकाश श्वास घ्यायचा. घरी वापरायचं ५ लिटरचं ऑक्सिजन यंत्र इथे पुरत नाही, सिलिंडरच हवा. आपण हिशोबाच्या बायका, तर हिशोब करू. एका झटक्याला १२ गुणिले १५, म्हणजे १८० लिटर. बी टाइपच्या लहान सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो, म्हणजे आठ झटके निघतात. मोठ्या डी टाइपमध्ये ७,००० लिटर, म्हणजे अडतीसच्या आसपास. रोज एक झटका येणाऱ्याला मोठाच परवडतो. भाड्याने मिळतो, अनामत ठेवावी लागते. आक्कांच्या अनामतीसाठी गटाने अंतर्गत कर्ज दिलं. बैठकीत एकीने विचारलं, आजारपणाला कर्ज देऊन परत येणार कसं? चार हप्त्यांत आलं.

सिलिंडर डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणा, आणि चिठ्ठीवर लिटर, मिनिटं आणि मास्कचा प्रकार लिहून घ्या. वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर मुळीच नको. ज्याला दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढा ऑक्सिजन घ्यायचा नाही. आणि जवळ चूल, विडी, उदबत्ती, देवाचा दिवा काही पेटतं नको. ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका होतो.

दुसरी गोष्ट सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, कातडीखाली घ्यायचं. दहा-पंधरा मिनिटांत गुण येतो. हृदयविकार असेल किंवा रक्तदाब ताब्यात नसेल तर ते चालत नाही. आणि झटके मुळात कमी यावेत म्हणून हंगामभर रोज घ्यायची गोळी असते, व्हेरापामिल. ती हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करते, म्हणून सुरू करण्याआधी आणि डोस वाढवताना ईसीजी काढावाच लागतो. तिचा गुण येईपर्यंत डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात, त्याने साखर वाढते, तेव्हा मधुमेह असेल तर आधी सांगा. यातलं काहीही शेजारणीची चिठ्ठी दाखवून आणायचं नाही.

डॉक्टरांपर्यंत जायचं ते वही घेऊन. आक्कांनी आम्ही सांगितलं तसं बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं. तारीख, किती वाजता उठलं, किती वाजता उतरलं, कुठली बाजू, डोळ्याला पाणी आलं का, बसवत होतं का. मुलीने एका झटक्यात मोबाईलवर डोळ्याचा फोटो काढला. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टर जोडून दिले, त्यांनी पानं बघितली आणि मेडिकल कॉलेजच्या मेंदूविकार विभागात पाठवलं. नऊ वर्षांचं दुखणं, बारा रात्रींच्या नोंदीत ओळखलं गेलं. एमआरआय झाला, दुसरं काही नाही याची खात्री झाली. आजार मुळापासून गेलेला नाही, यंदाही छाटणीला झटके आले. पण पंधरा-वीस मिनिटांत मोडतात आणि आक्का परत झोपतात.

काही डोकेदुख्यांना मात्र वही लिहीत बसायचं नाही, १०८ला फोन करायचा. आयुष्यात कधी नव्हतं असं एका क्षणात डोकं फुटल्यासारखं दुखलं, तापाबरोबर मान ताठली, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, डोक्याला मार लागला, गरोदर किंवा बाळंतीण बाई असेल, तर लगेच. डोळा लाल होऊन नजर धूसर झाली आणि उलट्या होत असतील तर तो काचबिंदूही असू शकतो, त्यात दृष्टी जाते. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

आता एक जड गोष्ट. या दुखण्यात माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. आक्कांच्याही आले होते, त्यांनी ते नंतर सांगितलं. आपल्या घरात फवारणीची बाटली कोनाड्यात, पलंगाखाली असते. हंगाम सुरू झाला की ती कुलपात घाला, किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि त्या माणसाला सरळ विचारा, जिवाचं काही मनात येतं का? विचारल्याने विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. झटक्यात असलेल्याला धरून झोपवू नका, फिरू द्या, वाटेतलं खुरपं-पाटा उचला, पोरांना समजावून आत न्या.

या महिन्याच्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की पाच मिनिटं काढा आणि विचारा, रात्री ठरल्या वेळेला एकाच डोळ्यात दुखून उठणारं कुणी आहे का घरात, भावकीत. असेल तर आशाताईंना सांगा आणि आजच्या रात्रीपासून वही सुरू करा. नंबर परत एकदा सांगते, एक चार चार एक सहा. नमस्कार.