एकच पुस्तक, सगळी बॅच



१९९८ साली अमेरिकेतल्या सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने एक उपक्रम सुरू केला. साऱ्या शहराने एकच पुस्तक वाचायचं आणि एकत्र बसून त्यावर बोलायचं. आपल्या बॅचनेही यंदा तसंच केलं. पुस्तक निवडलं लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. १९८० साली आलेलं हे आत्मकथन. गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेची वाट धरतो, त्याची ही कहाणी.

चर्चेच्या दिवशी मागच्या बाकावरचा आपला एक मित्र म्हणाला, “माझे आईवडीलही टोपल्या विणायचे. दहावीपर्यंत तुम्ही कुणी विचारलंच नाहीत.”

सगळे गप्प झाले. मी तर त्याच्या वहीतून गणितं उतरवून घ्यायचो, पण त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

‘आपली शाळा’ म्हणताना त्यात त्याचं घरही येतं, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

बाई, सर, पुढचं पुस्तक तुम्ही सुचवा. आम्ही वाचू. आणि चर्चेला या वेळी त्याच्या घरी जमू. त्याने आत्ताच होकार दिलाय.