कॅसेटमधला आवाज आणि पडद्यामागचा डीमन
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवण्याचे काम आम्ही चौघांनी हाती घेतले आहे, हे आपण जाणताच. त्यातल्या काही फिती इतक्या जीर्ण आहेत की एकदा वाजल्या तर वाजल्या, दुसऱ्या फेरीची खात्री नाही. म्हणून आज साउंड सर्व्हरविषयी चार शब्द.

आमचा संगणक लिनक्सवर चालतो. त्यात साउंड कार्डाशी थेट बोलणारा थर म्हणजे अल्सा. पण ब्राउझर, रेकॉर्डर, सूचनेची घंटी या सगळ्यांना एकाच वेळी कार्ड हवे असते. त्यांचे आवाज एकत्र करून पुढे पाठवणारा, पाठीमागे गुपचूप चालणारा कार्यक्रम म्हणजे साउंड सर्व्हर. अशा कार्यक्रमाला युनिक्समध्ये डीमन म्हणतात. नाव भुताचे, काम नाटकातल्या साउंडवाल्याचे! २००४ साली सुरू झालेला पल्सऑडिओ बरीच वर्षे हे काम करीत होता. संगीतकारांसाठी जॅक वेगळा. आता दोघांची कामे पाइपवायर करतो. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने तो मूळ म्हणून स्वीकारला.

खरी गोम बफरमध्ये आहे. सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका घासात १,०२४, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. घास ६४ चा केला तर डीमनला सेकंदाला ७५० वेळा जागे व्हावे लागते. एखाद्या वेळी उशीर झाला की तेवढे नमुने गळतात आणि तानेच्या मधोमध टिचकी ऐकू येते. ती नंतर पुसता येते असे सांगणारे भेटतात. पण जो सूर आलाच नाही, तो कुठून आणणार? हेडफोन लावून गाणाऱ्याला छोटा बफर हवा, कारण स्वतःचा आवाज उशिरा आला तर लय सुटते. फीत उतरवताना घाई कसली? आम्ही २,०४८ ठेवतो.

हे बदल मूळ फायलीत करू नयेत. आपल्या घरफोल्डरातल्या कॉन्फिग, पाइपवायर, पाइपवायर-कॉन्फ-डी या फोल्डरात छोटी फाइल करून त्यात क्लॉक रेट आणि क्वांटम लिहावे, मग सेवा पुन्हा सुरू करावी. रेकॉर्डरही ४८,००० वरच ठेवावा, उगाच रूपांतर नको. पीडब्ल्यू-टॉप चालवले की चुकांचा रकाना दिसतो. तो आकडा वाढू लागला तर आम्ही फीत थांबवतो.

आणखी एक. हा डीमन सहसा ज्याने लॉगिन केले त्याच्या नावाने चालतो, म्हणून दुसऱ्याला आपला माइक ऐकता येत नाही. पण लॉगआउट केले की तोही सहसा निघून जातो. तेव्हा फीत चालू असताना कृपया संगणकाला हात लावू नये, मेल बघायलासुद्धा नाही.

विसर्जनानंतर नाट्यसंगीताच्या फिती घेणार आहोत. कोणाकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक असेल तर तो आठवडाभर उसना हवा आहे.